बार ऐकू आला पाहिजे

सुगीच्या तोंडावर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या रानाकडेच्या कुठल्याही गावात रात्री नऊनंतर अंगणात उभं राहावं. शिवारातून आवाज येत असतात. कुणी पत्र्याचा डबा बडवत असतं, कुणी मचाणावरून लांब हेल काढून हाळी देत असतं, मध्येच सुतळी बॉम्ब फुटतो. भात पोटरीला आल्यापासून मळून घरात येईपर्यंत इथली माणसं राखणीला जातात आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी परत येतात. अशा एखाद्या रात्री एक निराळा आवाज होतो. जाडसर, छातीत बसणारा, डोंगराला आपटून परत येणारा. अंथरुणावरचा म्हातारा कूसही न बदलता सांगतो, "बार झाला. वढ्याकडनं." सकाळी चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत तो बार कुणाचा, कशावर, लागला की हुकला, एवढं सगळं गावाला ठाऊक झालेलं असतं.

हे आवाज ऐकतच मी मोठा झालो. आमच्या आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर फडक्यात गुंडाळून परत यायची. आजोबांना डाव्या कानानं कमी ऐकू येई. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे आयुष्यभराच्या बारांचा हिशेब त्याच कानात जमा होतो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आम्ही मुलं फक्त त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं एवढं शिकलो होतो.

गेल्या सुगीला पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा गावी आला होता. त्यानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला कुणी शिकारी, रायफलच्या तोंडाशी बसवलेली काळी जाड नळी, म्हणजे आवाज दाबणारा सायलेन्सर, खोकल्यासारखा एक आवाज, आणि लांबवर एक हरीण जागीच बसलं. बाजूची हरणं मान वर करून पाहतात आणि पुन्हा चरायला लागतात. "मामा, हे आपल्याकडं का चालत नाही?" त्यानं विचारलं. "कान वाचतात, गाव जागं होत नाही, आणि जनावराला कळायच्या आत सगळं संपतं. यात वाईट काय?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. त्याच्या घरची दोन एकर इंद्रायणी भात त्याच आठवड्यात डुकरांनी लोळवली होती. तेव्हापासून मी यावर विचार करतोय. सायलेन्सर आपल्याकडे बंद आहे आणि बंदच राहिला पाहिजे, या मताला मी पक्का झालो आहे. मात्र त्यासाठी जी कारणं सहज तोंडावर येतात ती माझी कारणं नाहीत.

सहज येणारं कारण सिनेमातलं असतं. खुनी माणूस, काळे हातमोजे, पिस्तुलाला लावलेली नळी, आणि 'फुस्स'. प्रत्यक्षात ही वस्तू इतकी गूढ नाही. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्यानं १९०९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्सिमचा हा मुलगा. मोटारीच्या धुराड्याला जी नळी असते तिचं आणि हिचं तत्त्व एकच. गोळीमागून येणारा तापलेला वायू एकदम बाहेर न फुटता कप्प्याकप्प्यांतून पसरत, थंडावत बाहेर पडतो. रायफलचा बार साधारण १६० डेसिबलचा धरला, तर तो यामुळे २० ते ३५ डेसिबलनं उतरतो. उरलेला आवाजही काही कुजबुज नसते, ती सिनेमाची थाप आहे. पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. ३० डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा हजार पटींनी कमी. बहिरेपणाची भीती तिथं बरीच घटते, हे खरं.

आणखी एक गोष्ट भाच्याला त्या मोबाईलवर ऐकू आली नसणार. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शिकारी रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून जास्त वेगानं जाते आणि जाताना हवेत चाबकासारखा कडाका काढते. हा कडाका कुठल्याही नळीनं थांबत नाही. ऐकणाऱ्याला काहीतरी कडाडलं एवढं कळतं, पण बार कुठून झाला ते नीट उमगत नाही. म्हाताऱ्यानं अंथरुणावरून सांगितलं ना, "वढ्याकडनं"? सायलेन्सर नेमकं तेवढंच खोडून काढतो. आवाज थोडाफार शिल्लक राहतो, त्याचा पत्ता जातो.

आता परदेशाचं. तिथले शिकारी वेडे नाहीत आणि तिथली सरकारंही नाहीत. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारीच्या रायफलवर ही नळी नेहमीचीच. न्यूझीलंडमध्ये तिला वेगळा परवाना लागत नाही. जर्मनीनं २०२० मध्ये कायदा बदलून परवानाधारक शिकाऱ्यांना ती वापरू दिली. अमेरिकेनं १९३४ मध्ये तिच्यावर २०० डॉलरचा कर आणि नोंदणी बसवली होती. त्या काळात ती रक्कम म्हणजे जवळजवळ बंदीच. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्यावर आला, नोंदणी मात्र राहिली आहे, आणि तिथल्या ४० हून अधिक राज्यांत शिकारीला सायलेन्सर चालतो. कारणं सगळीकडे तीच सांगतात: शिकाऱ्याचे आणि त्याच्या कुत्र्याचे कान, शेजारच्या वस्तीची झोप, आणि धक्का कमी बसल्यानं नेम न हलणं. मला ही कारणं प्रामाणिक वाटतात.

पण त्या नळीच्या भोवती काय काय उभं आहे तेही पाहायला हवं. जर्मनीत शिकाऱ्याला लेखी, तोंडी आणि नेमबाजीची अवघड परीक्षा द्यावी लागते. शिकारीचं रान ठरलेलं असतं आणि त्याचा कुणी एक जबाबदार धारक असतो. कुठलं जनावर किती मारायचं याचा आकडा असतो, हंगामाच्या तारखा असतात. अमेरिकेत अनेक राज्यांत मारलेल्या हरणाला तिथल्या तिथं चिठ्ठी बांधावी लागते आणि कळवावं लागतं. म्हणजे मारण्याची साक्ष कागद देतो. बाराच्या आवाजावर ते काम सोपवलेलंच नाही, म्हणून तो दाबला तरी फारसं बिघडत नाही.

आपल्याकडे असा कागदच नाही, कारण शिकारच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ९ शिकारीला सरसकट मनाई करतं. आणि 'शिकार' म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. फास लावणं, आमिष ठेवणं, जनावर हाकणंसुद्धा त्या व्याख्येत येतं. शिमग्याच्या पारधीला नुसता ढोल बडवत हाक्यात गेलेला पोरगाही कायद्याच्या दृष्टीनं शिकारी ठरतो. आपल्या बहुतेक गावांना हे आजही माहीत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या परिशिष्टातलं, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतलं जनावर असेल, उदाहरणार्थ गवा, किंवा गुन्हा अभयारण्यात घडला असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. आमच्याच तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्याच्या पोटात देगाव, गवाळी, पास्टोलीसारखी गावं आहेत आणि कडेनं कितीतरी. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकवाल्यानं वन्यजीव खात्याकडे नोंद करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडचा मोठा भाग या १० किलोमीटरात बसतो.

दुसरा कायदा शस्त्रांचा, १९५९ चा. त्यानं सायलेन्सरचा निकाल व्याख्येतच लावला आहे. बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी बनवलेली वस्तू ही स्वतःच 'अग्निशस्त्र' धरली आहे. बंदूक जवळ नसली, नुसती नळी कपाटात असली, तरी ती विनापरवाना बंदूक बाळगल्यासारखीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. ती बनवली किंवा विकली तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. ओळखीच्या वेल्डरकडून काहीतरी करून घेऊ असं हसत बोलणाऱ्या पोरांनी हा आकडा दोनदा वाचावा. मी हे भीती घालायला लिहीत नाही. एका रात्रीच्या हौशीपायी घरातला कमावता मुलगा हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन बसला, तर दोन एकराचं नुकसान त्यापुढे काहीच नाही.

याच शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. आता दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो, पीक राखायला बंदूक घे. दुसरा म्हणतो, लेखी परवानगीशिवाय पीक खाणाऱ्याला मारू नकोस. स्वतःचा जीव वाचवायचा प्रसंग सोडला, तर परवान्यावरच्या बंदुकीला रोजच्या रात्रीचं कायदेशीर काम एकच उरतं, ते म्हणजे आवाज करणं. आजोबांच्या बंदुकीनं वर्षानुवर्षं मुख्यतः तेच केलं. दारू ठासायची, आभाळाकडे तोंड करायचं, बार काढायचा. डुकरांचा कळप ऊस मोडत पळायचा आणि पुढचे चार-सहा दिवस त्या बांधाकडे फिरकायचा नाही. अशा बंदुकीला आवाज दाबणारी नळी लावणं म्हणजे राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधणं.

डुकराचं एवढं सांगतो, कारण भाच्याच्या चित्रफितीतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली होती. बाजूची हरणं पुन्हा चरायला लागली. ज्याला गोळी लागते त्यानं बार ऐकलेला नसतोच, गोळी आवाजाच्या आधी पोचते. बार असतो तो मागे राहिलेल्यांसाठी. रानडुक्कर तर अतिशय हुशार जनावर, जागा लक्षात ठेवणारं. कळपातलं एक पडलं आणि बाकीच्यांनी काहीच ऐकलं नाही, तर ते शेत त्यांना धोक्याचं वाटायचं कारण नाही. उद्या रात्री ती परत येतील. ज्याला मांस हवं त्याला हेच हवं असतं. ज्याला भात वाचवायचा आहे त्याला नको.

आणि बार ऐकणारी फक्त जनावरं नसतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला फॉरेस्टच्या एका गार्डाकडे केवढं रान असतं ते जाऊन बघावं. पावसाळ्यात तर चार हातांवरचं दिसत नाही. तिथं राखण डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. गार्डाला खबर मिळते ती कुणीतरी बार ऐकल्यामुळे. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये आणि आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये संशोधकांनी जंगलात ध्वनियंत्रं लावून बंदुकीचे बार नोंदवले, कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी चोरटी शिकार होते ते शोधायला. आपल्याकडे ते काम यंत्रावाचून गवळीवाड्यातली म्हातारी करते. उलट बाजूही जगानं पाहिली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात गेंडे मारणाऱ्या टोळ्यांकडून जड रायफलींबरोबर सायलेन्सर जप्त झाले. त्या टोळ्यांना स्वतःच्या कानांची काळजी होती असं कुणी म्हणणार नाही.

आपल्या मुलखाला तर आणखी एक अडचण आहे. इथं एका डोंगराच्या तीन उतारांवर तीन राज्यं आहेत. चोर्ल्याच्या घाटात उभं राहिलं की खाली गोव्याची सत्तरी, उत्तरेला महाराष्ट्राचं दोडामार्ग नि चंदगड, पाठीशी आपलं खानापूर. १९५६ साली माणसांमध्ये रेघ पडली, तिचा, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा, खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गव्यांना आणि हत्तींना ती रेघ माहीत नाही. २००२ च्या सुमारास हत्ती इकडूनच सिंधुदुर्गात उतरले. आणि चोरट्या शिकाऱ्याला ती रेघ फार सोयीची आहे. या राज्यात मारायचं, त्या राज्यात उतरायचं, तिसऱ्यात विकायचं. इकडच्या गार्डाला तिकडे पाऊल टाकता येत नाही. पण बाराचा आवाज हद्द ओलांडून जातो. कणकुंबीकडच्या माणसाला सत्तरीतला बार ऐकू येतो आणि तो इकडच्याला तसा तिकडच्यालाही फोन लावू शकतो. सीमेवर आपल्याकडे एवढी एकच सामायिक चौकी आहे म्हणा.

आपल्या रानात बिनआवाजाचं मरण नवं नाही, हेही इथंच सांगायला हवं. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेलेले सापडले. म्हादई इथंच देगावच्या रानात उगम पावून त्या अभयारण्यातून जाते, म्हणजे ते रान आपल्याच रानाचा पुढचा भाग. विषाला आवाज नसतो. उसाच्या बांधावर सोडलेल्या विजेच्या तारेलाही नसतो. शेताच्या तारेतल्या करंटनं हत्ती मेल्याच्या बातम्या याच तालुक्यातून आल्या आहेत, आणि पाणी पाजायला गेलेला शेतकरी त्याच तारेवर पडल्याच्याही बातम्या आपण वाचतो. क्लचवायरचा फास तर सगळ्यात मुका. त्यात भेकर अडकलं काय नि बिबट्या अडकला काय, दोन दिवस कुणाला पत्ता नसतो. या सगळ्या मुक्या हत्यारांत एक खूण सारखी आहे. लावणारा माणूस तिथं हजर नसतो, आणि काय मेलं याचं उत्तर त्याला गावात द्यावं लागत नाही. बंदूक निदान माणसाला जागेवर उभं करते आणि त्याचं नाव शिवारभर पुकारते. तिचा हा गुण काढून घेतला की तीही फासाच्या रांगेत जाऊन बसते.

छऱ्याची एअरगन हे याचं चालतं-बोलतं उदाहरण. ठराविक ताकदीच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि तिचा आवाज घराच्या पलीकडे जात नाही. परिणाम काय? ज्या वडा-उंबरांवर हरियलांचे थवे उतरायचे तिथं सुट्टीत आलेली पोरं उभी असतात, आणि कुणीच कुणाला विचारत नाही, कारण कुणी ऐकलेलंच नसतं. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू झाली. गावांनी खरोखरच त्या आणून दिल्या. आपल्याकडे या विषयावर अजून एकही ग्रामसभा झाल्याचं माझ्या कानावर नाही.

भाच्याचा तिसरा मुद्दा मात्र मला सर्वांत जड गेला. जनावर तडफडत नाही, हा. धक्का आणि कानठळ्या कमी झाल्या की नेम सुधारतो, हे खरं आहे. आणि चुकलेल्या नेमाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. ठासणीच्या बंदुकीतून छर्रे खाल्लेलं डुक्कर उसात शिरलं. तिसऱ्या दिवशी वैरणीला गेलेल्या एका बाईवर ते आलं. मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाडलं. ती वाचली, पण पुढं कधी शेतात एकटी गेली नाही. ते डुक्कर ओढ्यात मेलेलं सापडलं तेव्हा त्याच्या जखमेत किडे होते. तीन दिवस ते जिवंत होतं. ज्यानं बार काढला तो वाईट माणूस नव्हता, आणि त्या डुकराची आठवण आजही मला सोडत नाही.

पण याचा इलाज नळीत शोधणं चुकीचं आहे. ते डुक्कर तडफडलं ते आवाजामुळे नव्हे. अंधारात, लांबून, चुकीच्या बंदुकीनं, शिकवण नसलेल्या हातानं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लपून मारलं म्हणून. लपून मारणारा जखमी जनावराचा माग काढायला सकाळी माणसं घेऊन जाऊ शकत नाही. त्याला गप्प बसावं लागतं. हेच काम परवानगीनं, दिवसाउजेडी, जवळून, योग्य बंदुकीनं झालं असतं, तर एका गोळीत संपलं असतं, आणि नसतं संपलं तरी चार माणसं माग काढत गेली असती. कानांवर घालायचे, आवाज अडवणारे मफ मिळतात. सरकारनं नेमलेल्या नेमबाजाला ते देणं अवघड नाही. आजोबांच्या पिढीला ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आणि परवानगीची वाट कायद्यात आहे, ती बंद नाही. कलम ११ प्रमाणे दुसऱ्या परिशिष्टातलं जनावर उभ्या पिकाला घातक झालं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. रानडुक्कर त्या परिशिष्टात आहे. केरळनं मे २०२२ मध्ये हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांच्या याद्या केल्या. दुसरा रस्ता कलम ६२ चा, जनावर ठराविक काळासाठी उपद्रवी जाहीर करण्याचा. तो मला मान्य नाही. २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून जास्त नीलगाई पाडल्या. त्यात गाव कुठेच नव्हतं. केरळच्या पद्धतीतही उणिवा असतील, पण निदान आदेशावर कुणाची तरी सही असते आणि तो सही करणारा त्याच गावात राहतो.

अशी व्यवस्था आपल्याकडे आली, तर सायलेन्सर सरकारी नेमबाजाला तरी द्यावा की नाही, असं एका मित्रानं विचारलं. त्याचं म्हणणं, एका रात्रीत पूर्ण कळप संपवता येईल. मी नाहीच म्हणेन. पूर्ण कळप एका रात्रीत संपवणं हे आपलं ध्येयच असता कामा नये. आणि सरकारी कामाचा बार तर सगळ्यात आधी गावाला ऐकू आला पाहिजे, म्हणजे तासाभरात दुसरा बार झाला तर तो कुणाचा असं लोक विचारतील. शिवाय पहाटे रानात माणसं असतात. जळणाला गेलेल्या बायका, म्हशींमागे गेलेला गवळी, काजूच्या बागेत झोपलेला राखणदार. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या घटना आपण दर काही वर्षांनी वाचतो. पहिल्या बारानं ही माणसं सावध होतात, ओरडतात, मागे फिरतात.

जुन्या पारधीचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या पारधींनी रानं रिकामी केली, आणि कायद्यानं ती बंद केली ते योग्यच झालं. तरी एक गोष्ट तिच्यात होती, ती आठवते. देवाला गाऱ्हाणं घालून, ढोल वाजवून, हाका उठवून माणसं जायची. मारलं तर वाटे चावडीपुढे पडायचे, हुकलं तर हसं चावडीपुढेच व्हायचं. मारणं ही चोरून करायची गोष्ट नव्हती. आमच्या आजोबांनी एकदा गाभण भेकराला छर्रा घातला होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. गावातल्या एका म्हाताऱ्यानं आमच्या उंबऱ्याशी येऊन त्यांना जे सुनावलं ते मला अजून शब्दशः आठवतं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या म्हाताऱ्यानं ते भेकर पाहिलं नव्हतं. त्यानं रात्री बार ऐकला होता आणि सकाळी विचारपूस केली होती.

भाच्याला हे सगळं मी एकदम सांगितलं नाही. तो दोन दिवस होता, तेवढ्यात तुकड्यातुकड्यानं बोलणं झालं. तो पूर्ण पटला असं मला वाटत नाही. जाताना म्हणाला, "मामा, बार ऐकू येऊ दे, ठीक आहे. पण भाताचं काय? ते कोण भरून देणार?" त्याचा राग रास्त आहे. आवाज ठेवा असं शेतकऱ्याला सांगणाऱ्यानं त्याच्या आवाजाला उत्तर मिळेल एवढं तरी पाहायला पाहिजे. आम्ही एका कार्यालयात नुकसानीचा अर्ज आणायला गेलो. अर्ज कन्नडमध्ये होता, फक्त कन्नडमध्ये. भाच्याच्या आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आणि जमिनीचा उतारा तिच्या नावावर. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पीक तसंच ठेवायचं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लोळलेलं भात आदल्या दिवशीच कापून जनावरांना घातलं होतं.

रात्री आम्ही अंगणात दिव्याखाली बसलो. शेजारचा मुलगा कन्नड शाळेत शिकतो, त्याला बोलावलं. तो एकेक ओळ वाचून सांगत होता, भाचा मराठीत लिहून घेत होता, म्हणजे पुढच्या वेळी गल्लीत कुणालाही लागला तर हाताशी राहील. जनावराचं नाव, पिकाचं नाव, सर्व्हे नंबर, गुंठे. शेवटून दुसऱ्या रकान्यात नुकसान केव्हा झालं ती वेळ लिहायची होती. बहीण म्हणाली, "लिही, रात्री दीड. पलीकडच्यानं तेव्हा बार काढला होता की. त्यानंच जाग आली."